वरल्या गल्लीचा आड

हिवराबन, ता. कळमनुरी, जि. परभणी
२२ जानेवारी १९७८

ती. पद्माताईंना सिंधूचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र आणि मायसाठी धाडलेला चष्मा पोचला. माय तो लावून दिवसभर ओट्यावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या पद्मीनं पुण्याहून धाडला." दिसतं किती ते तिचं तिला ठाऊक. मी समोरून गेले तरी विचारते, कोण हाय?

आज लिहायचं कारण निराळं आहे. परवा गावात सरकारी जीप आली. जीप म्हटलं की आपल्या गावाला अजून नसबंदीच आठवते. दोन सालांखाली माणसं धरून नेली, ती धास्ती कुणाच्या पोटातून गेलेली नाही. धुरळा दिसला तशी सारी बापेमाणसं तुरीच्या वावरात पसार. वरल्या गल्लीतले आणि आपल्या वस्तीतले सगळे एकाच वावरात दडून बसले होते म्हणे. एरवी एका पंगतीला बसायचे नाहीत. शाळेपुढं राहिलो आम्ही बाया, आणि सरपंच संपतराव, कारण त्यांच्यानं पळवत नाही.

जीपमधून डॉक्टरसाहेब आणि आपल्या नर्सबाई मिराबाई उतरल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, कुणाला न्यायला आलो नाही. सरकारची नवी योजना निघाली आहे. प्रत्येक गावानं आपल्यातलंच एक माणूस निवडायचं. त्याला डोंगरकड्याच्या दवाखान्यात तीन महिने शिकवणार, औषधाची पेटी देणार. ताप, हगवण, खरूज, बाळंतीण, पिण्याचं पाणी, एवढं त्यानं बघायचं. जास्त असेल त्याला दवाखान्यात धाडायचं. "डॉक्टर बदलून जातो, नर्स बदलून जाते, गाव कुठं जात नाही," असं म्हणाले.

संपतरावांनी लगेच पुतण्याचं नाव दिलं. मिराबाईंनी विचारलं, "तो ऱ्हातो कुठं?" संपतराव म्हणाले, "हिंगोलीला. कॉलेजात हाय." बाया हसायला लागल्या. तेवढ्यात रुक्माबाई उठली. हाटकराची, मेंढरंवाली. म्हणाली, "सिंधूला घ्या की. सातवी शिकलीय. माझी सून अडली तवा गाडीत बसून तिच्यासंगं दवाखान्यापातूर हीच गेली व्हती. माझा नातू हिच्यामुळं हाय."

संपतराव म्हणाले, "आगं पण ती आपल्या गल्लीत कशी येईल?"

"पायानं येईल," रुक्माबाई म्हणाली.

हात वर करा म्हटल्यावर बायांचेच हात वर झाले, कारण दुसरं कोणी नव्हतंच. बापे वावरातून परत आले तोवर माझं नाव लिहून जीप गेली होती. ताई, तुमचे भाऊ असते तर त्यांना विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते. जाऊ का? माय म्हणते, पद्मी म्हणंल तसं.

तुमची,
सिंधू


पुणे
३ फेब्रुवारी १९७८

प्रिय सिंधू,

जा. विचारतेस काय?

लिंबाजीला धनुर्वात झाला तेव्हा त्याच इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून मी इथे वॉर्डात फिरत होते. तुझं पत्र येईपर्यंत तो गेलाही होता. गावात त्या वेळी "ही जखम वाईट आहे, आजच हिंगोलीला न्या" एवढं सांगणारं एक माणूस असतं तर पुरलं असतं. ते माणूस आता तू होणार असशील तर मी कोण नाही म्हणणारी?

पण काही गोष्टी कान उघडे ठेवून ऐक. नखं कापून टाक. हात साबणाने धू, आणि समोरच्याला दिसेल असे धू. येत नाही ते "येत नाही" म्हणून सांग. कुणी कितीही गळ घातली तरी सुई हातात घेऊ नकोस. आणि पेटी मिळाली म्हणजे लोक तुला घरात घेतील, असं समजू नकोस. त्यांना गोळी हवी असेल, तू हवी असशीलच असं नाही. मला या नोकरीत सव्वीस वर्षं झाली, म्हणून सांगते.

खरं तर मी तुला दुसरंच लिहिणार होते. इथे आयाची एक जागा निघते आहे. मेट्रनशी बोलून ठेवलं होतं. क्वार्टरच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी असते, दुसरीत ट्रंका. तू आणि माय आलात तर ट्रंका व्हरांड्यात काढता येतील, असा विचार केला होता. राहू दे. मायला म्हणावं, चष्मा झोपताना काढत जा.

तुझी,
पद्मा


हिवराबन
११ जून १९७८

ती. पद्माताईंना जयभीम.

शिकणं संपून महिना होत आला. पेटी लाकडाची आहे, वर लाल खूण. मायनं तिला हात लावून बघितला आणि म्हणाली, "लई जड हाय. लिंबाजीनं उचलली आसती."

तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. वरल्या गल्लीत मी ओसरीच्या खाली उभी राहते. गोळी वरून हातात टाकायची, पेटी उंबऱ्याबाहेर ठेवायची. पण बोलावतात, ताई. खरजेचं मलम कोंडीबा पाटलाच्या घरातल्या सगळ्यांना लावायला दिलं. दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत बाया जमतात, वरल्या गल्लीतल्याही आणि आपल्याही. बसतात लांब लांब, पण बसतात. हगवण लागली तर लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, हे मी त्यांच्याकडून परत परत म्हणून घेते. पंचफुलाबाई विचारत होती, "काहून पाजायचं? वरून घातलं की खालून जाऊन राहिलंय की." मी म्हटलं, जातंय म्हणूनच घालायचं. मडकं गळतंय म्हणून आपण पाणी भरायचं सोडतो का? मग पटलं.

आता आडाचं सांगते. पहिला पाऊस झाला की आडात घाण उतरते, म्हणून पांढरी पावडर टाकायची असते. आपल्या वस्तीच्या आडात मी टाकली. वरल्या आडाजवळ गेले तर कोंडीबा आडवा झाला. "आमच्या आडात तुझा हात? गोळ्या देतीस ते दे. पाण्याला शिवायचं न्हाई."

मी बादलीत पावडर कालवून उभी होते. काय करावं कळेना. तेवढ्यात रुक्माबाई आली. "दे हिकडं," म्हणाली, आणि माझ्या हातची बादली घेऊन तिनं वरचं निवळ पाणी आडात ओतलं. मी खाली बाभळीपाशी उभी राहून, आता हलवा, आता थांबा, असं सांगत होते. कोंडीबानं मग काही केलं नाही.

काम झालं, ताई. मिराबाई पण शाबास म्हणाल्या. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

सिंधू


पुणे
२५ जून १९७८

प्रिय सिंधू,

मला बरं वाटलं नाही.

पावडर तू आणायची, तू कालवायची, आणि हात तिचा? कालवलेल्या बादलीला विटाळ नाही, ओतणाऱ्या हाताला आहे? आणि तू बाभळीखालून सांगत राहिलीस! ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्या पाण्यापासून तू आपल्या पायाने लांब उभी राहिलीस.

मी नवी होते तेव्हा वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. माझ्या हातचं पाणी घेईनात. म्हणत, दुसरी नर्स पाठवा. दुसरी मोकळी नव्हती. मी ग्लास त्यांच्या उशाशी ठेवला आणि तिथेच उभी राहिले. न बोलता. शेवटी तहान लागली, प्यायले. मला वाटलं, मी जिंकले. पण तुला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मी उभीच आहे असं मला कधी कधी वाटतं. बसावं असं घर काही मिळालं नाही. सोबतच्या नर्सेस लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात, मी जाते, आहेर देते, आणि जेवायच्या आधी ड्यूटी आहे म्हणून निघते.

म्हणून तू वाकावंस असं नाही. रागावले आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. पत्राचं उत्तर दे.

पद्मा


हिवराबन
९ ऑगस्ट १९७८

ती. पद्माताईंना जयभीम.

आम्ही खुशाल आहोत. पेपरात काही वाचलं तर मनाला लावून घेऊ नये. पाऊस चांगला आहे. माय बरी आहे. कामाच्या गडबडीत सविस्तर लिहायला झालं नाही.

सिंधू


पुणे
१६ ऑगस्ट १९७८

सिंधू,

वर हिवराबन लिहिलंस, पण कार्डावर हिंगोलीचा शिक्का आहे. हिवराबनचं टपाल डोंगरकड्यावरून येतं, हे मला ठाऊक नाही का? हिंगोलीत कुणाकडे आहात? का आहात? आणि "खुशाल" हा शब्द तू मला याआधी कधी लिहिला नव्हतास.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि तिकडे काय सुरू आहे ते इथे रोज छापून येतं. गावांची नावं देतात. मी पेपर उघडते आणि आधी परभणी, नांदेडच्या ओळी शोधते. हिवराबन अजून आलेलं नाही. पण एवढ्याशा गावाचं नाव कोण छापणार?

काल जेवायच्या खोलीत मुली त्याच गोष्टी बोलत होत्या. एकीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही तिकडच्याच ना? तुमचं कोणी आहे का तिकडे?" मी म्हणाले, "नाही. कोणी नाही." माझ्या तोंडून असं का निघालं, मला माहीत नाही. डबा तसाच झाकून उठले.

गावाच्या पत्त्यावर तार केली होती, ती परत आली. जिवंत आहात एवढं तरी लिही. माय चालती-फिरती आहे का? खरं लिही.

पद्मा


हिवराबन
२९ ऑक्टोबर १९७८

ती. पद्माताईंना जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, त्याचा राग धरू नका. हात उचलत नव्हता. आता सगळं लिहिते.

ऑगस्टच्या पहिल्या हप्त्यात आपली वस्ती जाळली. बाहेरगावची माणसं होती, आणि आपल्या गावची पोरं वाट दाखवायला. आपलं छप्पर सणकाड्याचं, कूड पऱ्हाटीचा, पाऊस पडून ओला होता तरी पेटला. मी मायला पाठुंगळी घेऊन ओढ्यातून निघाले. तिचा चष्मा पडला, तो राहिला. माणसाचा जीव कुणाचा गेला नाही. ग्यानोबा काकाचा हात मोडला. पेटी घरातच होती. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा बघितलं, ती जळाली नव्हती, कुणी तरी आधी बाहेर काढून दगडानं फोडली होती. बाटल्या चिखलात. गर्दीत रुक्माबाईचा ल्योक जळबा उभा होता. त्यानं काही केलं का मी पाहिलं नाही. उभा होता, ते पाहिलं.

दीड महिना हिंगोलीत माझ्या मावसभावाकडं काढला. मग परत आलो, कारण मायचं एकच, माझ्या जाग्यावर न्या. नवे कूड घातले. वरल्या गल्लीशी कुणाचं बोलणं नाही, कुणी मजुरीला जात नाही. मिराबाईंनी दुसरी पेटी आणून दिली. मी फक्त आपल्या वस्तीत फिरत होते. मनातून मला तेच बरं वाटत होतं.

दसरा झाला आणि वरल्या गल्लीत हगवण-उलटीची साथ आली. वाऱ्यावर कळतंच. आयाबाया आपल्या आडावर बोलायच्या, अमक्याकडं झालं, तमक्याकडं झालं. मी ऐकायची आणि घागर उचलून यायची. मला कुणी बोलावलं नव्हतं.

एका सकाळी रुक्माबाई वस्तीच्या तोंडाशी येऊन मातीत बसली. आत येईना. मी गेले. म्हणाली, "गेला माझा नातू. काल दिवस मावळायला गेला."

मी म्हटलं, "मला काहून बोलावलं न्हाई? नुसतं पाणी पाजलं असतं तरी..."

"पाजू म्हणलं मी. तू शिकवलं तसं पाजू म्हणलं. जळबा म्हणला पाणी तोड, घरातले समदे म्हणले पाणी तोड. तुला बोलवाया तोंड कुठून आणू, सिंधू? कोणत्या तोंडानं येऊ?" आणि मग, "आता कोंडीबाची बायको पडलीय. आजून लेकरं पडलीत. मी माझ्यासाठी आले न्हाई."

ताई, त्या लेकराला दवाखान्यात मी पहिल्यांदा धुतलं होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणाचा तेही कळेना.

घरात आले, पेटी घेतली. माय म्हणाली, "कुठं निघालीस?" सांगितलं. ती म्हणाली, "ज्यानं घर जाळलं त्याच्या दारात औषध घिऊन जातीस? लाज न्हाई वाटत?" मी म्हटलं, "माय, लेकरं मरून राहिलीत." ती म्हणाली, "आपली मेली आसती तर ते आले आसते का?" मी निघाले. मागून तिचा आवाज आला, "जाशील तर माझ्यासंगं बोलू नको." वस्तीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. ग्यानोबा काका मोडका हात गळ्यात बांधून उभे होते. त्यांनी नुसती मान फिरवली.

वरल्या गल्लीत आधी आडापाशी गेले. संपतरावांना बोलावून घेतलं. म्हटलं, "मी घराघरात जाईन. ओसरीखाली उभी राहणार नाही, लेकराला मांडीवर घेऊन पाजावं लागतं. आणि आडात पावडर मी टाकीन. माझ्या हातानं. हे मान्य असेल तर पेटी उघडते. नसेल तर दवाखान्यात माणूस धाडा, संध्याकाळपर्यंत कुणी येईल."

संपतराव कोंडीबाकडं बघायला लागले. कोंडीबा तिथंच डोकं धरून बसला होता. म्हणाला, "कर बाई. काय करायचं ते कर."

मी ओतलं. तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. माझ्या भोवती एवढी माणसं उभी होती आणि कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पाणी हलवायला वाकले तेव्हा आत माझं एकटीचं तोंड दिसत होतं.

मग घरोघर गेले. पडवीत शिकलेल्या बाया हाताखाली आल्या, त्यांनी चुली पेटवल्या, पाणी उकळलं, मीठ-साखर कालवली. पंचफुलाबाई तर माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडून सांगत होती, पाजा, पाजा. दोघांना गाडीत घालून डोंगरकड्याला धाडलं. एक म्हातारी वाटेत गेली. बाकीचे वाचले. कोंडीबाची बायको वाचली. काही घरं पुढचे सात-आठ दिवस आडावर आली नाहीत, ओढ्याचं पाणी भरत होती, त्यांच्यातच साथ लांबली. मग एकेक करून घागरी आल्या.

हे सगळं झालं आणि घरी माय बोलत नाही. भाकर खाते, पाणी घेते, बोलत नाही. वस्तीतले म्हणतात, सिंधू विकली गेली. काल मायनं ग्यानोबा काकांकडून मला निरोप दिला, एका घरात राहून निरोप, की पद्मीला लिहा, मला पुण्याला ने. ताई, या आणि तिला घेऊन जा. मी अडवणार नाही.

तुम्ही बाभळीचं लिहिलं होतं ते मनात होतं. पण वर गेले तेव्हा तुमच्यासाठी गेले नाही, हेही खरं.

सिंधू


पुणे
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय सिंधू,

पत्र वाचून झाल्यावर मी कपाटातली सगळी भांडी काढून घासली. दुसरं काय करावं सुचेना.

तुला लिहायला बसले की दोन बायका लिहायला लागतात. एक नर्स. ती म्हणते, शाबास, मला हे कधी जमलं नसतं. मी आजवर जे केलं ते मेट्रन, डॉक्टर, सरकार मागे असताना केलं. तुझ्या मागे कोण होतं? दुसरी मायची लेक आहे. ती म्हणते, माझ्या मायचं घर जाळलं त्यांच्या दारात गेलीसच कशी? या दोघींचं काय करू ते मला कळत नाही. तू शहाणी आहेस, दोघींचं ऐकून घे.

डिसेंबरअखेर रजा मिळते आहे. मायला न्यायला येते. तूही चल. ती जागा भरली, पण दुसरी निघेल. चार महिन्यांत एवढं झालं, पुढे काय होईल कोण सांगणार? तिथे तुझं आता कोण उरलं आहे? हट्ट करू नकोस. ट्रंका मी बाहेर काढल्या आहेत.

पद्मा


पुणे
१४ जानेवारी १९७९

प्रिय सिंधू,

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीत माय झोपूनच होती.

फलाटावर तू खिडकीपाशी उभी राहिलीस आणि मायने तुझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हा मला तिला हलवावंसं वाटलं होतं. पण आपल्या मायचं तोंड वळलं की वळलं. तुलाही म्हणाले नाही ते आता म्हणते. त्या पाच दिवसांत मी तुझ्यामागे दोन्ही गल्ल्या फिरले. वरल्या गल्लीत मला एका घरात चहा दिला, कपात दिला, पण वेगळ्या कोनाड्यातले कप काढून, आमच्यासमोर विसळून. मी तो तसाच ठेवला. तू पीत होतीस आणि बाळंतिणीच्या पायाची सूज बघत होतीस. तुला पुण्याला चल म्हणायचं मी तेव्हाच सोडून दिलं. वाईट वाटून नाही. मला दिसलं की तू उठून आलीस तर तिथे त्या बायकांना उठवणारं कोणी राहणार नाही.

आता मायचं. नवा चष्मा केला. खिडकीत बसते. समोर दवाखान्याची भिंत आहे, तरी बसते. इथलं पाणी तिला गोड लागत नाही, भाकरीचं पीठ बरोबर नाही, शेजारीण बोलते ते कळत नाही. मी आयुष्यभर हिची वाट पाहिली आणि ही आली, तर दोघींना बोलायला विषय नाही. मी ड्यूटीवरून आले की ती आवाजावरून अंदाज घेते. आणि रोज दिवेलागणीला मला विचारते, "सिंधू आली का घरी?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरली. म्हणाले, माय, आपण पुण्यात आहोत. ती चिडली. "ठाव हाय मला पुण्यात हाय ते. ती आली का घरी, ते इचारते. वरल्या गल्लीतून एकटी येती ती."

मला काय सांगावं कळत नाही. म्हणून तुला लिहिते.

पद्मा


हिवराबन
४ फेब्रुवारी १९७९

ती. पद्माताईंना जयभीम.

पत्र दोन वेळा वाचलं. मग घडी घालून पदरात बांधलं आणि कामाला गेले. दिवसभर गाठ हाताला लागत होती.

इकडचं सांगते. डॉक्टरसाहेबांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत. मिराबाईंनाही हलवलं, सेनगावकडं दिलं. त्या जाताना रडल्या. दवाखान्यातून दोन महिने झाले गोळ्या मोजक्याच मिळतात, पावडर मात्र आहे. मी संपतरावांना म्हटलं, गावानं आता स्वतःचं काही ठरवायला पाहिजे. तर ते म्हणाले, "तूच ठरव." पहिल्यांदा असं बोलले. मग शाळेच्या पडवीत बैठक घेतली. आडात पावडर टाकायची पाळी लावली. या महिन्यात वरल्या आडाला आपल्या वस्तीतली बाई, आपल्या आडाला त्यांच्यातली. कोंडीबा उठून गेला. त्याची बायको बसून राहिली. ग्यानोबा काका पडवीच्या खाली उभे होते. वर या म्हटलं, आले नाहीत, पण बैठक संपेपर्यंत गेलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सून धाडली शिकायला.

रुक्माबाई येते. बोलत नाही फार. जळबा मेंढरं घेऊन अदिलाबादकडं गेला, अजून आला नाही. तिची सून परत पोटुशी आहे. या वेळी पहिल्या महिन्यापासून मी बघते आहे. सून माझा हात धरते, रुक्माबाई दारात उभी राहून दुसरीकडं बघते.

बरं चाललं आहे असं नाही. परवा आपल्या वस्तीतल्या एका बाईनं माझ्या हातची गोळी घेतली नाही. म्हणाली, ती वरल्यांना दे. मी गोळी उंबऱ्यावर ठेवली आणि आले. तुमच्या ग्लासाची आठवण झाली, पण मी तिथं उभी राहिले नाही. मला अजून पुष्कळ घरं होती.

घरी आल्यावर मात्र घर मोठं वाटतं. हे कुणाला सांगून पटणार नाही, एवढीशी खोली. पण कोण हाय म्हणून विचारणारं नसलं की माणसाला आपण आत आलो की नाही तेच कळत नाही. एकटीपुरती भाकर थापायला हात बसत नाही, दोन होतात, दुसरी सकाळी खाते. कधी कधी मी दारातून आत येताना मोठ्यानं म्हणते, माय, मी हाय. कुणी ऐकलं तर हसेल.

तुम्ही आणि मी दोघी एकट्या होतो, तुम्हाला माय मिळाली. रुसू नका तिच्यावर. तिला ज्वारीचं पीठ धाडते आहे, कळमनुरीचा एक माणूस पुण्याला निघालाय त्याच्या हाती. पाणी गरम करून घेतलंत तर भाकर चिरत नाही.

आत्ता दिवेलागणच आहे. वरल्या गल्लीत दोन घरं झाली, आपल्या वस्तीत एक. पाय धुतले, कंदील लावला आणि लिहायला बसले. मायला सांगा, आले घरी.

सिंधू